दोन डाव्या बाह्या

टेलर मास्तरांनी तयार कोट हँगरवर चढवला आणि दोन पावलं मागे सरले. एक बाही नीट पुढे झुकलेली, दुसरी मागे तोंड करून, रुसल्यासारखी. दोन्ही बाह्या डाव्या.

शिवण बायकोची होती.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचं दुखणं. दर चार आठवड्यांनी दवाखान्यात सलाईनमधून मिळणाऱ्या औषधाने ते दुखणं दोन वर्षं गप्प बसलं होतं, काठी दाराआड धूळ खात होती. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, या औषधाने क्वचित कुणाच्या मेंदूला जंतुसंसर्ग होतो. बोलण्यात, वागण्यात, हातात फरक दिसला की लगेच या. तेव्हापासून मास्तरांची नजर तिच्यावर. सुईत दोरा कितव्या खेपेला ओवला, तेसुद्धा मोजायचे.

"चहात साखर विसरले, तरी चपला घालायला धावता," ती एरवी म्हणायची.

आज कोटाकडे बघून तिला थट्टा सुचली नाही.

"चला," एवढंच म्हणाली.

पुढचं सलाईन थांबलं. एमआरआय झाला, बाकीच्या तपासण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई हसल्या.

"काही नाही. उद्या सलाईन घेऊन टाकू."

"मग बाह्या?"

"बाह्यांतलं मला काही कळत नाही हो, मास्तर."

घरी येताच तिने बाह्या उसवल्या आणि सुलट बाजू वर करून एकीवर एक ठेवल्या. तंतोतंत जुळल्या. डावी-उजवी असती तर जुळल्या नसत्या.

"खडूच्या खुणा कुणाच्या?"

कापड चौकड्यांचं. रेघा जुळाव्यात म्हणून मास्तरांनी घडी न घालता एकेक बाही कापली होती, आणि दुसऱ्या वेळी कागदी फर्मा उलटायचाच राहिला होता. समोर ती सुई ओवत होती ना, लक्ष तिच्या खेपा मोजण्यात.

"शिवताना बोलली का नाहीस?"

"बाही बसेना, तेव्हा वाटलं, माझेच हात गेले. तीस वर्षांत तुमची कात्री कधी चुकलीय?" तिने नाक ओढलं. "काय हो, आता तुमचा एमआरआय काढू या?"

दोघं डोळे पुसेपर्यंत हसले.

मग मास्तरांनी उरलेलं कापड अंथरलं, फर्मा उलटा ठेवला आणि खडू उचलला.

"पहिल्याच खेपेला ओवला हं," शिवणयंत्रामागून ती म्हणाली.

"काय?" मास्तरांनी मान वर न करता विचारलं.