मराठीचा पुरावा

श्रीपादराव पोतनीस वकिलीतून निवृत्त झाले, पण वकिली काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. ग्वाल्हेरच्या ‘खासगी बाजार’ नावाच्या पेठेत कोथिंबीर घेतानासुद्धा ते भाजीवाल्याला शिक्षणाच्या हक्काची वंशावळ ऐकवत. त्र्याण्णव साली सुप्रीम कोर्टाने शिक्षण हा हक्क म्हटला, दोन हजार दोनमध्ये तो घटनेत शिरला, नऊमध्ये कायदा झाला आणि खासगी शाळांतल्या पाव जागा गरिबांच्या मुलांना मोफत मिळाल्या, बारामध्ये कोर्टाने त्यावर शिक्का मारला. "और चौदह में?" असं विचारून ते डोळे बारीक करत. भाजीवाला मुकाट्याने जुडीवर दोन मिरच्या टाकून सुटका करून घेई.

चौदाचा निकाल त्यांचा भारी लाडका. अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असं कोर्टाने त्यात म्हटलं होतं. आता ग्वाल्हेरात मराठी माणूस अल्पसंख्य आहे, हे कळायला कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. तेव्हा आपल्या दक्षिणी विद्यामंडळाच्या शाळेला भाषिक अल्पसंख्याकांचा दर्जा मिळवायचा, हा श्रीपादरावांनी ध्यास घेतला. ते मंडळाचे चिटणीस होते.

त्यामागे लबाडी नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांचे वडील याच शाळेत शिकवायचे, तेव्हा मैदानावरची भांडणंही मराठीत होत. आता फाटकावरची पाटी तेवढी मराठी उरली होती. श्रीपादराव येता-जाता ती रुमालाने पुसत. मोफत जागा गेल्या की शाळा पुन्हा आपली होईल, आपली मुलं परत येतील, असं त्यांना मनापासून वाटे.

"आपली म्हणजे कोणाची हो, वकीलसाहेब?" मुख्याध्यापिका उषाताई शितोळे म्हणाल्या. "तुमची नात अवंतिका तर फूलबागेकडच्या इंग्रजी शाळेत जाते."

"तो मुद्दा अप्रस्तुत आहे."

"आणि पुढच्या वर्षी माझ्या वर्गातल्या लीलासारखी पोरं आली, तर त्यांना फाटकातूनच परत लावू?"

लीलाचे वडील इंदरगंजात ई-रिक्षा चालवत. घरी सगळे बुंदेली बोलत. ती मोफत जागेवर पहिलीत आली आणि आता दुसरीत होती. श्रीपादरावांनी तोही मुद्दा अप्रस्तुत ठरवला आणि अर्ज धाडला.

तपासणीला भोपाळहून एक अधिकारी आले. मंडळाचे अध्यक्ष महिपतराव त्या दिवशी फेटा बांधून बसले होते. पाहुण्यांपुढे श्रीखंडाची वाटी होती. अधिकाऱ्यांनी ती आधी संपवली आणि मग कामाचं बोलले.

"मुझे मराठी समझ में नहीं आती, पर सुनाई तो देगी न? आप लोग अपनी मीटिंग कीजिए, जैसे रोज़ करते हैं. मैं सुनता हूँ."

सभा सुरू झाली. पहिली पाच मिनिटं अशी शुद्ध मराठी झाली की महिपतरावांना दोनदा पाणी प्यावं लागलं. पण मग उषाताईंनी मोफत जागांचा विषय काढला आणि घोडं बिथरलं. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची एक खोड आहे. तो देवाशी मराठीत बोलतो, पण राग आला की थेट हिंदीवर उतरतो.

"बहनजी, आप बैठिए!" महिपतराव गरजले.

"क्यों बैठूँ? गलत बात है तो बोलूँगी!"

"ऑब्जेक्शन!" श्रीपादराव उठले. "मॅडम विषय से भटका रही हैं! प्रश्न हमारी मातृभाषा का है! मातृभाषा के लिए हम जान दे देंगे!"

मातृभाषेसाठी जीव देण्याची ही घोषणा कोणत्या भाषेत झाली, ते सभेत कोणाच्याच लक्षात आलं नाही. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला.

"कमाल है, वकीलसाहब. मुझे तो सब समझ में आ गया."

श्रीपादरावांचा चेहरा खर्रकन उतरला.

"तो इस स्कूल में मराठी है कहाँ?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"चलिए, दिखाती हूँ," उषाताई म्हणाल्या.

त्या सगळ्यांना तळमजल्यावर घेऊन गेल्या. श्रीपादराव सभेला थेट वर जात. या तासाला खाली काय चालतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. बाई नसतानाही वर्गात मुलांचा खोटाखोटा भाजीबाजार भरला होता. लीला फळ्यापाशी मांडी ठोकून दुकान लावून बसली होती.

"एवढीशी मेथी? अन् तीही शिळी!" एक गिऱ्हाईक म्हणालं.

"शिळी तर शिळी. घ्यायची तर घ्या, नाहीतर चालू पडा," लीला म्हणाली.

सगळा वर्ग हसला. श्रीपादरावांनाही हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. कितीतरी वर्षांनी या भिंतींत मराठी भांडण ऐकू येत होतं.

"अब कुछ समझ में नहीं आया," अधिकारी खूश होऊन म्हणाले. "मतलब मराठी यही है. ये बच्चे आपके समाज के होंगे?"

"नहीं," उषाताई त्यांना म्हणाल्या आणि श्रीपादरावांकडे वळल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "या तासाला बाकीची मुलं बाहेरच्या कंपनीच्या ॲबॅकसला जातात. त्याची फी वेगळी. मोफत जागेवरच्या मुलांना ती कुठून परवडणार? ती माझ्या वाट्याला आली. मग मी त्यांना मराठी शिकवली."

लीला उठून जवळ आली. तिने श्रीपादरावांना नीट न्याहाळलं.

"आजोबा, तुमच्या घरचं कोण आहे आमच्या वर्गात?"

हा मुद्दा मात्र त्यांना अप्रस्तुत म्हणता आला नाही. मग अधिकाऱ्यांकडे वळून त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"अर्जदार आपला अर्ज मागे घेत आहे."

अधिकाऱ्यांनी उषाताईंकडे पाहिलं. याचं भाषांतर उषाताईंनी फार आनंदाने केलं.

त्या शनिवारी, इंग्रजी शाळेला सुट्टी असताना, श्रीपादराव आठ वर्षांच्या अवंतिकाला हाताला धरून घेऊन आले.

"आजोबा, मला नाही जाना, माझी डान्स क्लास है ना!" ती पाय ओढत होती.

"ताई, हिला या तासाला बसू द्याल?" त्यांनी विचारलं. आवाजात वकिली नावालाही नव्हती.

"प्रवेशासाठी मुलांची परीक्षा घ्यायला कायद्याने मनाई आहे," उषाताई म्हणाल्या. "नशीब समजा तुमचं. आत पाठवा."

श्रीपादराव खिडकीशी थांबले. अवंतिका दारातच रडवेली होऊन उभी होती. लीला बाकावर सरकली आणि तिने शेजारची जागा हाताने पुसली.

"ये, बस," ती म्हणाली. "घाबरू नको. मलापण पहिल्या दिवशी काही येत नव्हतं."