डोंगर दिसण्याची घरपट्टी

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो. दिसतो म्हणजे काय, तो तिथे आहेच, मी बघो न बघो. माझ्या सासूने त्या खिडकीशी उभं राहून बटाटे सोलले, पुढे मी सोलले, आणि आम्हा दोघींना त्या डोंगराने कधी एक सेंट दिला नाही. तरी गेल्या उन्हाळ्यात माझी घरपट्टी वाढली ती त्याच्यामुळे.

झालं असं, की घरांच्या किमती नव्याने ठरवायला गावाने बाहेरून एक माणूस आणला. गोरागोमटा, पायात स्वच्छ बूट. आमच्या चिखलात स्वच्छ बूट घालून येणाऱ्यावर माझा तसाही विश्वास नाही. छप्पर गळतंय ते त्याने पाहिलं, कोठाराची एक भिंत आत कललीय तीही पाहिली, आणि मला वाटलं, चला, किंमत उतरली. मग तो अंगणात आला, डोंगराकडे वळला आणि गप्प उभा राहिला. मी समजले, हा आता महाग पडणार.

तो म्हणाला, बाई, या दृश्याचीच किंमत घराहून जास्त आहे. मी विचारलं, डोंगर माझा आहे का? नाही म्हणाला. मग त्याच्यावर गाई चारू का? नाही म्हणाला, डोंगर सरकारचा, दिसणं तुमचं. आता याला काय म्हणावं. मी सहावीत शाळा सोडली, घरी गाईंच्या धारा काढायला माणूस नव्हतं म्हणून. पण सातवीत असलं काही शिकवत असतील असं मला वाटत नाही.

मी हरकत घेतली. तो पुन्हा बघायला यायचा होता त्या दिवशी अंगणात आडवी दोरी बांधली आणि घरातल्या सगळ्या चादरी वाळत टाकल्या. चादरी कमी पडल्या तेव्हा आमच्या हायरमच्या लोकरी आतल्या विजारी काढल्या. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण विजारी धड आहेत. डोंगर पार झाकला गेला. तो माणूस आला, विजारींकडे बघितलं, कागदावर काहीतरी टिपलं आणि म्हणाला, हा अडथळा काढता येण्यासारखा आहे. किंमत तीच राहिली.

आता आमच्या न्यू हॅम्पशायरात शाळा चालते ती बहुतेक गावाच्या घरपट्टीवर. आमचं गाव पिटकिन म्हणजे दगड, झाडं आणि म्हातारी माणसं. खाली उतरलं की तळ्याकाठचं गाव लागतं. तिथे उन्हाळ्यापुरते येणाऱ्या लोकांचे बंगले, एकेकाच्या धक्क्याला आमच्या चर्चएवढी होडी. त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं तरी हंडा खारट होतो. आम्ही मुठीने टाकतो तरी अळणीच. माझ्या घराएवढ्याच किमतीचं घर तळ्याकाठी असलं तर पट्टी माझ्या तिसऱ्या हिश्शाने येते, आणि तेवढ्यात त्यांच्या शाळेला पोहायचा तलावसुद्धा आहे. समोर अख्खं तळं असताना. आमच्या शाळेत पाऊस आला की बादल्या ठेवतात.

म्हणून या वर्षी मार्चच्या गावसभेत प्रश्न आला: शाळा ठेवायची, का बंद करून पोरं बसने तळ्याकाठी पाठवायची? ठेवायची तर घरपट्टी आणखी वाढणार.

मी बंद करायच्या बाजूची होते, आणि ते कुणापासून लपवून ठेवलं नव्हतं. हायरमचा चुलतभाऊ एलवुड या बाजूचा पुढारी. हा एलवुड आयुष्यात एकदाच खर्चाला हो म्हणाला, तेही स्वतःच्या लग्नात पाद्र्याने विचारलं तेव्हा, आणि त्याचाही त्याला पस्तावा आहे. त्याच्या बाजूला उभं राहायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण राग माणसाला कुणाच्याही शेजारी नेऊन बसवतो.

घरात यावरून धुमसत होतं. माझी सून लोर्ना त्याच शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, नात ज्युनी तिच्याच वर्गात. शाळा गेली तर लोर्नाची नोकरी गेली, आणि मग माझा मुलगा डीन बायकापोरीला घेऊन दक्षिणेकडे कुठेतरी कामाला जाणार हे मला कुणी सांगायला नको होतं. नाताळच्या जेवणात मी घरपट्टीवर बोलत होते, जरा जास्तच बोलले असेन. लोर्ना एरवी तोंड वर करून बोलणारी नाही. त्या दिवशी ती सुरी खाली ठेवून म्हणाली, "आई, तुमचा राग डोंगरावर आहे आणि मार पोरांना बसतोय."

मी म्हटलं, बटाटे इकडे सरकव. त्यानंतर आम्ही दोघी फक्त हवेवर बोलायचो. बर्फ पडला, बर्फ वितळला, एवढंच.

आता गावसभेचं सांगते. ती शाळेच्याच हॉलमध्ये भरते, जिथे पोरं बास्केटबॉल खेळतात तिथे. सगळा गाव येतो, दुपारी सगळे तिथेच जेवतात, आणि जेवणातले बीन्स माझे असतात. माझे म्हणजे माझेच. आदल्या संध्याकाळी भिजवायचे, मग खारं डुकराचं मांस आणि मॅपलचा पाक घालून मातीच्या हंड्यांत रात्रभर मंद आचेवर ठेवायचे. सकाळी हंडे शाळेच्या स्वयंपाकघरातल्या भट्टीत जातात. एका वर्षी मी आजारी होते तेव्हा एलवुडच्या बायकोने डब्यातले बीन्स आणले होते. त्या वर्षी सभा लवकर संपली.

तर त्या दिवशी सभा सुरू झाली. रस्त्यावर बर्फात टाकायच्या वाळूवरून तासभर भांडण झालं, अग्निशामक गाडीच्या टायरवर त्याहून जास्त. मग शाळेचा प्रश्न आला. एलवुड उठून बोलला. त्याचं भाषण दर वर्षी तेच असतं, फक्त आकडे बदलतो. लोर्ना बोलली नाही. ती भिंतीशी उभी होती, हाताची घडी घालून, आणि माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हती.

मग आमचे सभापती थर्लो गेज म्हणाले, तळ्याकाठच्या शाळेकडून एक पाहुणे आलेत, त्यांना दोन शब्द बोलू द्या. पाहुणा उठला. मऊ लोकरीचा कोट, मऊ आवाज. तो म्हणाला, तुमची मुलं आमच्याकडे आली तर आम्हाला आनंदच आहे. जागा असेल तोपर्यंत अर्थातच. जी मुलं अभ्यासात जरा मागे आहेत त्यांचा वेगळा विचार करावा लागेल. कुणीतरी मागून विचारलं, तुमची घरपट्टी एवढी कमी कशी?

"आम्ही जपून खर्च करतो," तो म्हणाला.

माझ्या हातात विणकाम होतं. दोन टाके निसटले, जे माझे निसटत नाहीत. मी उभ्या जन्मात प्रत्येक टी-बॅग दोनदा वापरली, हायरमच्या कोटाचा डीनला कोट शिवला, त्या कोटाची पुढे उशी केली. आणि हा मला जपणं शिकवतो, ज्याच्या शाळेला तळ्याशेजारी तलाव लागतो.

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण पाहुण्याला आमचं कौतुक करायचं होतं. तो म्हणाला, तुमचं गाव फार सुंदर आहे. वर वळणावर ते पिवळं घर आहे ना, तिथे मी दर शरदात गाडी थांबवतो. पानं रंगलेली, मागे डोंगर. तिथून मन निघत नाही. "आणि एक पैसा पडत नाही," असं म्हणून तो हसला.

पिवळं घर माझं आहे.

एलवुडने माझ्याकडे पाहिलं आणि टाळी वाजवायला हात वर केले, ते तसेच खाली नेले. माझं तोंड पाहिलं असावं.

थर्लोंनी मत घ्यायला कार्डं वर करायला सांगितली. मोजणाऱ्यांना नीट कळेना. दोनदा मोजलं, दोनदा वेगळं आलं. असं झालं की आमच्याकडे सभा उभी करून दुभागतात. थर्लो म्हणाले, जमिनीवरची मैदानाची मधली रेघ धरा. शाळा ठेवा म्हणणारे स्वयंपाकघराच्या बाजूला, बंद करा म्हणणारे दाराच्या बाजूला. मी घंटी वाजवली की कुणी हलायचं नाही.

लोक उठले, खुर्च्या सरकल्या. नवरे एकीकडे, बायका दुसरीकडे, असंही झालं. मी दाराच्या बाजूला एलवुडशेजारी जाऊन उभी राहिले, कारण मी तिथेच उभी राहणार हे सबंध गाव धरून होता. समोर, रेघेपलीकडे, लोर्ना. आता मात्र ती सरळ माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मी कुठे उभी आहे ते बघून ठेवावं, एवढंच.

तेव्हा मला वास आला. बीन्स तळाला लागल्याचा. ज्याने कधी हंडा लावला नाही त्याला तो वास कळणार नाही. आधी गोड येतो, मग कडवट, आणि कडवट आला की संपलं. सगळा गाव जेवणार होता त्यातून. मी विणकाम एलवुडच्या हातात दिलं आणि चालायला लागले. एलवुड म्हणाला, कुठे निघालीस? मी म्हटलं, बीन्स. मधली रेघ ओलांडली, लोर्नाच्या शेजारून गेले, स्वयंपाकघराच्या दारात पोचले, आणि घंटी वाजली.

थर्लो चालत गेले, एकेक डोकं मोजत. माझ्यापाशी आले तेव्हा क्षणभर थांबले. मी फडकं हातात घेऊन दाराच्या चौकटीत उभी. थर्लो नियमाचे पक्के. घंटीनंतर माणूस जिथे, तिथलं त्याचं मत. त्यांनी मला मोजलं आणि पुढे गेले.

शाळा एका मताने राहिली.

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगू. एलवुड माझं विणकाम हलवत ओरडत होता की हे मत नव्हे, हे बीन्स आहेत. थर्लो शांतपणे म्हणाले, नियम सगळ्यांना माहीत आहे. झालेलं मत पुन्हा घ्यायचं तर जिंकलेल्या बाजूच्या कुणीतरी तशी मागणी करायची. हरलेल्याला ती करता येत नाही.

जिंकलेल्या बाजूचा कोण कशाला मागणी करेल? सगळा हॉल माझ्याकडे वळला. एलवुड तरातरा चालत माझ्यापाशी आला. त्याने आवाज खाली आणला. तसा तो एरवी फक्त अंत्यविधीला आणतो.

"आर्विला, सांग त्यांना. चुकून झालं म्हणून सांग."

चुकून. साठ वर्षं या गावात राहून माझ्याबद्दल हा शब्द वापरणारा हा पहिलाच.

"एलवुड टेनी," मी म्हटलं, "मी कधी चुकून कुठे उभी राहिलेली तू पाहिली आहेस?"

तो म्हणाला, अगं, पण तुझी घरपट्टी? तो डोंगर? मी म्हटलं, डोंगराचं मी बघून घेईन, तो जुना ओळखीचा आहे. पण घरपट्टी जड आहे म्हणून शाळा मोडायची, आणि पोरं नेऊन द्यायची त्याला, जो माझ्या अंगणाबाहेर गाडी लावून फुकट बघतो? ज्या हंड्यात मीठ कमी आहे तो हंडाच फोडायचा? मीठ कुणाकडे ढिगाने पडलंय ते विचारायला नको? हे मी जरा मोठ्याने बोलले असेन, कारण पाहुण्याने कोटाची बटणं लावायला घेतली.

थर्लोंनी विचारलं, "आर्विलाबाई, तुम्हाला सभेपुढे काही मांडायचं आहे?"

"हो," मी म्हटलं. "जेवण तयार आहे. आणि जेवणानंतर मांडायचं आहे, की सरकारने शाळेचा पैसा तळी आणि डोंगर बघून नाही, पोरं बघून वाटावा, असं या गावाने राजधानीला कळवावं. तो पाहुणाही थांबू दे. त्याला वाढा, तेही फुकट."

जेवणानंतर तो ठराव जवळजवळ एकमताने झाला. एलवुड विरोधात गेला, कळवायला पोस्टाचं तिकीट लागतं म्हणून. राजधानीतून अजून काही आलेलं नाही. घरपट्टी मात्र वेळेवर आली, आणि ती भरायला मी तीन वासरांतलं एक विकलं. ते वासरू चांगलं होतं. उगाच कशाला खोटं सांगू, जड गेलं.

पण राहिलं ते त्या दुपारचं. मी वाढत होते आणि लोर्ना शेजारी उभी राहून ब्राउन ब्रेडचे तुकडे करत होती. एलवुड ताट घेऊन आला. हरला तरी बीन्स सोडणारा माणूस नव्हे तो. मी त्याला हंड्याच्या अगदी तळातून वाढलं, मुद्दाम. त्याने तिथेच उभ्याने एक घास खाल्ला, मग दुसरा. चमचा हंड्यात घालून तळ खरवडला आणि उजेडात धरून बघितला.

"हे कुठेच करपलेले नाहीत," तो म्हणाला.

"वेळेवर पोचले म्हणून," मी म्हटलं.

लोर्नाने मान खाली घातली आणि ब्रेड कापत राहिली. तिचे खांदे हलत होते. मग ती म्हणाली, "आई, बटाटे इकडे सरकवता?"

बटाटे तर त्या दिवशी नव्हतेच.