भिंत संपेपर्यंत

थोरलीने सगळा बेत त्या लांब भिंतीवर बांधला होता.

चौघांच्या त्या घरात तिघं रंगकामावर जगत. बाबा रोलर चालवत, आई ब्रशने कडा काढी, आणि थोरली पुट्टी भरून, घासून, भिंत गुळगुळीत करून दोघांच्या हवाली करी. चौथा पिटुकला. नाव लहानपणी पडलं ते चिकटलं. आता तो सव्वीस वर्षांचा होता आणि दारातून आत येताना मान वाकवायचा. औषधांच्या दुकानात कामाला असायचा. पण सुट्टीच्या दिवशी बाबा त्याला हमखास कामावर ओढत. एवढी उंची फुकट कशाला घालवायची, असं त्यांचं म्हणणं.

पिटुकल्याला मुली नाही, मुलगे आवडतात, हे थोरलीला नऊ वर्षांपासून ठाऊक होतं. दोन वर्षांपासून त्याचं एका मुलाशी जमलं होतं. तो मुलगा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. बोलायला कमी, हसायला पुढे. थोरलीला तो पहिल्याच भेटीत आवडला, कारण त्याने तिच्या नखांत अडकलेला रंग बघून न विचारता काढून दिला होता.

सगळं आपल्या चालीने चाललं असतं. पण आईने दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एका मुलीला, तिच्या आईवडिलांसकट, येत्या रविवारी चहाला बोलावलं. पिटुकल्यासाठी. ऐकून पोराचा चेहरा भिंतीला मारतात त्या पांढऱ्या प्रायमरसारखा झाला.

"ताई, मी बदली मागून घेतो," तो त्या संध्याकाळी जिन्यात म्हणाला. "दुसऱ्या गावच्या दुकानात जागा आहे. आम्ही दोघं तिकडेच राहू. फोन करत जाईन."

"कधी कधी करशील?"

"वाढदिवसांना."

थोरलीने मनात हिशेब केला. घरात माणसं चार, म्हणजे वाढदिवस चार. त्यातला एक त्याचा स्वतःचा, तो अर्धाच धरायचा. वर्षातून साडेतीन वेळा भाऊ.

"त्यापेक्षा सांगून टाक ना."

"आणि बाबा?"

इथेच सगळं अडत होतं. बाबा तापट नव्हते. त्यांनी पोरांवर कधी हात उगारला नव्हता. त्यांची खोड निराळी. नको ते कानावर आलं की ते उठत, पायात चपला सरकवत आणि चालू लागत. दिवेलागणीला परत येत, जेवत, आणि तो विषय त्या घरात पुन्हा निघत नसे. मामाने बायको सोडली तेव्हा असंच झालं. त्याला सहा वर्षं झाली, मामा चार गल्ल्या पलीकडे राहत होता, आणि घरात त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. पिटुकल्याला बाबांच्या रागाची भीती नव्हती. आपला मामा होईल, ही भीती होती.

पण भिंत अर्धी टाकून बाबा उठले, असं आजवर झालं नव्हतं. रंग ओला आहे तोवरच पुढचा पट्टा त्याला भिडवावा लागतो. मधे थांबलं तर कड वाळते, जोड पडतो, आणि ऊन आलं की तो सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. दुसऱ्या हाताला, म्हणजे शेवटच्या थराला, तर बाबा शिंकसुद्धा आवरून धरत. सध्या रंगवायला घेतलेल्या नव्या घराच्या दिवाणखान्यात एक भिंत चांगली पंधरा पावलं लांब होती. खिडकी नाही, दार नाही.

"अर्धा तास," थोरली म्हणाली. "अर्धा तास ते तुझ्या हातात आहेत. भिंत सुरू झाली की बोल."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या दुकानामागच्या कोठारात तालीम झाली. खोक्यांच्या थप्पीपुढे थोरली झाडूचा रोलर करून, बाबांसारखी कमरेत किंचित वाकून उभी राहिली.

"बोल," ती बाबांच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"तू अशी बोलू नकोस. मला खरंच घाम फुटतोय."

"घाम नंतर पूस. बोल."

पिटुकल्याने सहा वेळा सुरुवात केली. सहाव्या वेळी वाक्य पुरं झालं, पण ते त्याने खोकल्याच्या औषधाच्या खोक्याकडे बघून म्हटलं.

"चालेल," थोरली म्हणाली. "उद्या बाबांची पाठच असणार आहे."

आणि उद्या उजाडला, पिटुकल्याच्या सुट्टीचा. बाबांनी डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. आई स्टुलावर उभी राहून भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात ब्रश फिरवत होती. तिच्यापुढे, घोडीच्या वरच्या पायरीवर, पिटुकला छताच्या कडेला चिकटपट्टी लावत होता. थोरली खाली पुट्टी कालवत होती. म्हणजे घट्ट झालेल्या पुट्टीत उगाच पत्रा फिरवत होती.

एक पाऊल भिंत झाली. तीन झाली. पिटुकला चिकटपट्टीच लावत होता. सहा झाली. थोरलीने खोकून बघितलं.

"धूळ गेली का गं?" आईने वरून विचारलं.

"कोमट पाणी पी," पिटुकला म्हणाला. "कोरडा असेल तर मध घे."

थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की मधसुद्धा नासला असता. नऊ पावलं झाली. दहा झाली. तिच्या जिभेच्या टोकावर सगळं वाक्य तयार होतं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. पण हे वाक्य आपलं नाही, एवढं तिला कळत होतं. तिने दात आवळले, घोडीपाशी गेली आणि पिटुकल्याच्या पँटचा पाय खसकन ओढला.

"बाबा," पिटुकला म्हणाला. "आई. मला तुम्हाला सांगायचंय. मी गे आहे. मला मुलगे आवडतात. म्हणजे एकच. दोन वर्षं झाली."

बाबांनी एकच पट्टा वरून खाली, खालून वर, पुन्हा वरून खाली फिरवला. तिथे रंग आता पुरून उरला होता. मग ते पुढे सरकले. आईचा ब्रश मात्र छताला लागला आणि तिथे बोटभर हिरवी रेघ उमटली. तीस वर्षांत थोरलीने आईची रेघ चुकलेली पाहिली नव्हती.

"त्या मुलीत काही खोट आहे का?" आईने विचारलं.

"नाही गं. चांगली आहे ती."

"तिचं नाव काढलं की मान खाली घालायचास. मी म्हटलं, लाजतोय."

"घाबरत होतो."

"आणि मी सगळ्या दवाखान्यात सांगून बसले, मुलगा लाजाळू आहे म्हणून." आईने फडक्याने छत पुसायला घेतलं. रेघ जायच्या ऐवजी पसरली. तिचे डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. "आता रविवारी काय सांगू मी त्यांना?"

पाऊलभर भिंत राहिली. बाबांनी ती नेहमीपेक्षा जरा जास्तच बारकाईने पुरी केली, रोलर ट्रेमध्ये टेकवला, आणि हात पुसत वळले. तिघांची नजर दाराशी काढलेल्या त्यांच्या चपलांकडे गेली. बाबांनीही तिकडे पाहिलं. मग थोरलीकडे.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"नऊ वर्षं."

"नऊ." बाबा पालथ्या बादलीवर बसले. "आणि आज भिंत धरून सांगितलंत. बेत तुझाच ना?"

"हो."

"मी उठून जाईन असं वाटलं."

"गेला नसता का?" थोरलीने विचारलं. विचारलं आणि तिचेच कान गरम झाले. बाबांना असं कुणी विचारत नसे.

बाबांनी हातावरचा रंग खरवडला. "गेलो असतो," ते म्हणाले. "कोपऱ्यापर्यंत तरी गेलो असतो. मग परत आलो असतो."

"आणि मग बोलला असता? का मामासारखं?"

"पुरे गं," आई म्हणाली. पण ती म्हणाली बाबांकडे बघत.

बाबांनी मान वर केली. पिटुकला अजून घोडीवरच होता, हातात चिकटपट्टीचं रीळ, डोकं छताला लागलेलं.

"खाली उतर," बाबा म्हणाले. "मघाशी माझ्या पाठीला सांगितलंस. आता समोर बसून सांग."

पिटुकल्याने थोरलीकडे पाहिलं. ती लगेच पुढे झाली. "बाबा, त्याचं म्हणणं असं की..."

"तू ब्रश धुऊन आण."

"ब्रशची आता कुठे..."

"जा गं," पिटुकला म्हणाला. तो उतरला होता आणि बाबांसमोर जमिनीवर मांडी घालून बसला होता. "मी सांगतो."

थोरली मोरीत गेली. नळ सोडला, ब्रश धरला. पाणी हिरवं झालं. मग तिने नळ बंद केला आणि श्वास रोखून कान दिले. पिटुकला बोलत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज अडखळत अडखळत पुढे जात होता. मधे बाबांनी काहीतरी विचारलं, मधे आईने नाक शिंकरलं. तिला दोनदा वाटलं, जावं, एखादा शब्द त्याच्या हातात द्यावा. दुसऱ्यांदा ती दारापर्यंत गेलीसुद्धा. तेवढ्यात तिला कळलं की तिकडे तिच्याकडून शब्द कुणी मागत नाहीये. ती परत वळली, नळ सोडला, आणि धुतलेला ब्रश पुन्हा धुतला.

पिटुकला आला तेव्हा तिची बोटं सुरकुतली होती. त्याचे डोळे लाल होते आणि केसांवर छताचा चुना होता. तो मोरीच्या कठड्यावर बसला.

"आई काय म्हणते?"

"त्याचं पोट कशाने बिघडतं ते विचारत होती. रविवारी चहाला आता तो येईल. दवाखानेवाल्यांना ती स्वतः जाऊन सांगणार आहे. त्यासाठी मला शिव्या देऊन झाल्या."

"आणि बाबा?"

"म्हणाले, मला वेळ लागेल."

"किती?"

"मी पण तेच विचारलं."

"मग?"

"म्हणाले, डोकं खाऊ नकोस." पिटुकल्याने बाहीने नाक पुसलं आणि त्याला हसू फुटलं. "मग मी बदलीचंही सांगितलं, तर म्हणाले, अर्ज दिला असशील तर उद्या सकाळी जाऊन मागे घे."