हरमीतच्या लग्नातलं पुरणयंत्र

मी एक जुनं पुरणयंत्र आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे मोडकं नव्हे हं! पितळेचा देह, तीन पाय, एक दांडा आणि पोटात भोकांची जाळी, सगळं अजून शाबूत आहे. हल्लीची ती स्टीलची हलकीफुलकी पोरं दोन होळ्यांत कुरकुरायला लागतात. आमच्या वेळी असं नव्हतं, असं म्हणायचा मला पूर्ण हक्क आहे.

पुण्यातल्या एका कारागिराच्या भट्टीत मी ओतला गेलो. रत्नप्रभाबाई नावाच्या एका करारी बाईंनी मला ठोकून, वाजवून, उलटंपालटं करून घरी नेलं. पुढे त्यांचा मुलगा वामनराव हवामान खात्यातल्या बदलीवर चंदीगडला निघाला. तेव्हा त्यांनी सुनेच्या, म्हणजे शशिकलाबाईंच्या ट्रंकेत मला साडीत गुंडाळून ठेवलं आणि बजावलं, "हे पुरणाचं आहे. याला कांदा-लसणाचा वाराही लागू द्यायचा नाही."

अशा रीतीने मी सेक्टर तेवीसमधल्या सरकारी क्वार्टरात, मधल्या मजल्यावर आलो. खालच्या मजल्यावर लीलाम्मा नावाची केरळची नर्स राहायची. वर एक शीख बाई राहायच्या, त्यांना सगळे बीजी म्हणायचे. त्या शाळेत शिकवायच्या, नवरा लवकर गेलेला, आणि हरमीत ही एकुलती एक लेक.

मित्रांनो, तुम्ही देश नकाशात पाहता. मी तो माझ्या पोटातून जाताना पाहिला आहे! गूळ कोल्हापूरचा. वेलदोडे लीलाम्माच्या माहेरच्या डोंगरावरचे, जायफळ कोकणातल्या आत्याबाईंचं. केशर दर हिवाळ्यात शाली विकायला येणाऱ्या काश्मिरी फेरीवाल्याकडचं. आणि पोळीची कणीक बीजींच्या गावच्या गव्हाची. वामनराव पहिला घास घेताना हवामानाची बातमी द्यायचे, "श्रीनगर शून्याखाली, केरळ तीस अंश, आणि आपल्या ताटात दोन्ही! सांगा, असा देश आहे का दुसरा?" नसणारच. एकाच वेळी कुठे बर्फ पडतंय, कुठे ऊस तुटतोय, कुठे नारळ उतरवतायत, आणि हे सगळं एका पोळीत मावतं. मी तर मनातल्या मनात छाती फुगवायचो.

पण सुखाला दृष्ट लागलीच. एका थंडीत बीजींनी मला मागून नेलं. दांडा फिरवला की खालून मऊ लगदा पडतो, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी काय करावं? मोहरीच्या पाल्याचा साग शिजवला, त्यात मूठभर लसूण घातला आणि सगळा माझ्यातून काढला! संध्याकाळी मला आणि लोण्याचा गोळा घातलेली सागाची वाटी घेऊन त्या आनंदाने खाली आल्या.

"शशिकला, तेरी मशीन तो कमाल है! घोट-घोट के मेरी बाँह रह जाती थी. आज पाँच मिनट में साग तैयार!"

शशिकलाबाई हसल्या. पण ते हसू मला ठाऊक होतं, ते खरं नव्हतं. दार लागताच त्यांनी मला चिंचेने घासलं, मिठाने घासलं, तीन दिवस उन्हात ठेवलं. लसूण कसला हटतोय! शेवटी त्यांनी मला जुन्या गोणपाटात बांधलं आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर टाकलं. बीजींना मात्र त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. आपल्याकडची ही खोडच आहे, रागावायचं आणि कशावर रागावलो ते सांगायचं नाही.

पुढची दोन वर्षं मी अंधारात काढली. पुरण चाळणीवर वाटीने घासलं जाई, ते मला वरून ऐकू येई. खूप वाईट वाटायचं. बाहेरचे दिवसही वाईट होते. ऐंशीचं दशक ते, पंजाबात रोज गोळीबार, बसमधल्या माणसांना मारल्याच्या बातम्या, संचारबंदी. लोक संध्याकाळीच दारं लावून घ्यायचे. जिन्यात भेट झाली तर नुसती मान हलवायचे. शशिकलाबाईंचं वर जाणं तर केव्हाच थांबलं होतं.

त्या माघात हरमीतचं लग्न ठरलं. मुलगा अंबाल्याचा. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी संचारबंदी लागली! सकाळी दोन तासांची सूट मिळणार होती, वऱ्हाडाला एकवीस माणसांचा पास मिळाला होता, कोपऱ्यावरच्या गुरुद्वाऱ्यात लग्न लागणार होतं. पण जेवणाचं काय? नीला, म्हणजे शशिकलाबाईंची सोळा वर्षांची मुलगी, धावत वरून आली. ती आईचं मराठी समजायची, पण उत्तर हिंदीतच द्यायची.

"आई, हलवाई नहीं आ रहा. मोहाली का रास्ता बंद है. बीजी रो रही हैं. कहती हैं, बारात भूखी लौटेगी तो हरमीत उस घर में सिर कैसे उठाएगी?"

"अगं, मग मला हाक नाही का मारायची त्यांनी?"

"कैसे बुलातीं? दो साल से आप ऊपर गई ही नहीं. उनको लगता है हम उनसे डरते हैं. क्योंकि वो सरदार हैं."

शशिकलाबाई मटकन खाली बसल्या. "अगं बाई! मी... मी तर लसणावर रुसले होते गं!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम उठल्या, पदर खोचला, स्टुलावर चढल्या आणि गोणपाटासकट मला खाली ओढलं.

"आणि आईनं काय बजावलं होतं?" वामनरावांनी हळूच विचारलं.

"त्या इथे असत्या ना, तर माझ्याआधी जिना चढल्या असत्या," असं म्हणत त्या मला कडेवर घेऊन निघाल्याही!

वर बीजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. शशिकलाबाईंनी मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगून टाकलं, "बीजी, मैं डरी नहीं थी. मैं गुस्सा थी. आपने इसमें लसूण डाला, ये सिर्फ मीठे का है. मैंने बोला नहीं, मेरी गलती है."

बीजी बघतच राहिल्या. मग रडतारडताच अशा हसल्या की लीलाम्मासुद्धा खालून धावत आली. "झल्लिए! पगली! बोल तो देती! दो साल मैं सोचती रही, पता नहीं हमने किसका क्या बिगाड़ा!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मला कोणी विचारत नव्हतं, पण सांगतो, त्या क्षणी माझा सगळा मळ गेला.

मग काय विचारता! तीन मजल्यांचे डबे बीजींच्या ओट्यावर आले. गूळ आला, वेलदोडे आले, गावचा गहू आणि घरचं तूप होतंच. गावाहून आलेली मोहरीच्या पाल्याची जुडी होती, म्हणून आधी साग निघाला. होय, लसणासकट, आणि शशिकलाबाईंच्या हातून! मग मला गरम पाण्याने एकदाच धुतलं आणि डाळ-गुळाचं पुरण घातलं. वामनराव दांडा फिरवायला बसले. हरमीतने मेंदीचे हात वर धरून चव घेतली आणि म्हणाली, "लहसुन कहाँ है? मुझे तो नहीं लगा!" त्याच पुरणाची पहिली पोळी शशिकलाबाईंनी देवापुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड जेवायला बसलं. भात लीलाम्माचा, साग बीजींचा, पोळ्या शशिकलाबाईंच्या. नवऱ्यामुलाच्या थोरल्या काकांनी तर पुरणपोळीवर साग वाढून घेतला! शशिकलाबाईंनी डोळे मिटून घेतले. काकांनी मात्र अशा चार पोळ्या खाल्ल्या आणि बीजींपुढे हात जोडले. "बहनजी, ऐसी दावत तो शांति के दिनों में भी नहीं खाई." बाहेर रस्ते बंद होते, पण त्या घरात माणसांच्या हसण्याला जागा पुरत नव्हती. आमची जीत झाली होती, मित्रांनो! जीतच!

निरोपाच्या वेळी शशिकलाबाईंनी मला लख्ख घासलं आणि हरमीतच्या ओटीत ठेवलं. बीजी म्हणाल्या, "ये तो तेरी सास की निशानी है." शशिकलाबाईंनी ऐकलं नाही. त्यांनी हरमीतचा हात धरला. "मेरी सास ने कहा था, इसमें लहसुन मत डालना. मैं इतना ही कहती हूँ, बेटी, इसको माळे पर मत डालना."

आज मी अंबाल्यात आहे. थंडीत साग काढतो, होळीला पुरण काढतो. हरमीतची सून केरळची आहे, ती माझ्यातून इडिअप्पम, म्हणजे तांदळाच्या शेवया, काढायच्या खटपटीत असते. काढू दे बापडी!

मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना फार काही नको असतं. चिंचेने घासा, कोरडं पुसा आणि वापरत राहा. आणि शेजाऱ्यावर रुसलात, तर त्याच दिवशी जिना चढा आणि कशावर रुसलात ते सांगून टाका. मी दोन वर्षं माळ्यावर होतो, तिथे फार अंधार असतो.