आजची चूक

संपादकसाहेबांनी ‘गुंतवणुकीत’मधला णु खोडून णू केला आणि पत्रक पाठवून दिलं.

“टाकलीत का आज?” बायकोने आतून विचारलं.

“टाकली. चांगली ढळढळीत.”

संपादक हे नाव तिनेच चिडवायला ठेवलेलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘थोडं थोडं’ सुरू केलं. रोज वाचलेल्यातलं वेचून ते ओळखीच्यांना फोनवर पाठवत. व्याजदर कुठे निघाले, दुरुस्तीला काढलेल्या चित्राखाली दुसरंच चित्र कसं निघालं, अनोळखी माणसं रांगेत एकमेकांवर विश्वास का ठेवतात, असलं काहीबाही. बहुतेक जण अंगठा दाखवून मोकळे होत. खरी वाचायची ती एकटी ताई.

ताईने छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली होती. दोन वर्षांपूर्वी तिने साठीत लग्न केलं, आणि हे “या वयात शोभतं का?” असं बोलून बसले. तिने बोलणंच टाकलं. पत्रकातली चूक मात्र तिला सोसवेना. “मुलाखत. मु ऱ्हस्व,” एवढंच एकदा उत्तर आलं आणि हा गृहस्थ दिवसभर गुणगुणत हिंडला. तेव्हापासून ते रोज मुद्दाम एक चूक करत. बहिणीशी तेवढंच बोलणं उरलं होतं आणि ते त्यांना जिवापाड जपायचं होतं.

पण गेले काही दिवस उत्तर येत नव्हतं. एकीच्या दोन चुका करून पाहिल्या, तरी नाही.

“मला कंटाळली बहुतेक. कायमची,” ते म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“मी... तुमच्या ताईच्या घरून बोलतोय.” आवाज वयस्कर, संकोचलेला. “तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. काळजीचं काही नाही, पण पट्टी आहे. तुमचं पत्रक हल्ली मीच वाचून दाखवतो.”

संपादक हळूच खुर्चीत बसले.

“अडचण अशी, की ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही. ती सारखी विचारते, आज कुठे चुकलाय तो? मी पडलो गणिताचा मास्तर. काल अंदाजाने ठोकून दिलं, तर उखडली माझ्यावर. म्हटलं, तुम्हालाच विचारावं.”

“म्हणजे तिला माहीत आहे?”

“पहिल्यापासून. म्हणते, लहानपणी त्याचं शुद्धलेखन मी घेतलंय, तो असा चुकेलच कसा.”

बायको दारात येऊन उभी राहिली. कोण आहे, असं तिने खुणेने विचारलं.

“उद्यापासून वाचायला मीच येतो,” ते फोनमध्ये म्हणाले. “चालेल ना, भावोजी?”

बायको होती तिथेच उंबऱ्यावर टेकली.

“या की. पण आधी चांगलीच बोलेल हं ती तुम्हाला.”

“बोलू दे हो,” संपादक म्हणाले. “बोलू दे.”