माघारी जाणारी धार

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर दिवस कलला की हंबीररावांची म्हैस येऊन उभी राहायची आणि तिच्याभोवती धारोष्ण दूध प्यायला पेले घेतलेली गिऱ्हाइकं. आज मात्र हंबीरराव तिसऱ्यांदा म्हशीखाली बसले आणि तिसऱ्यांदा उठले. चार धारा काढल्या की दम लागायचा, पाठीला घाम फुटायचा.

"मामा, म्हैस दमलीया का तुम्ही?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"मला काय धाड भरलीया? अडुसष्ट टक्के काम करतंय माझं हृदय. फर्स्ट क्लास."

लेक स्वप्नाली शेजारीच उभी होती. हृदयाची सोनोग्राफी करणं हेच तिचं काम; अडुसष्टचा आकडा तिनंच काढलेला. गुरुवारच्या ऑपरेशनला हो का नाही, हे सात वाजेपर्यंत दवाखान्याला कळवायचं होतं. नाहीतर तारीख दुसऱ्याला जाणार होती. साडेसहा होऊन गेले होते. ती फोन या हातातून त्या हातात घेत होती.

"आबा, टक्के चांगलं हायत, पण झडप गळतीया. निम्मं रगात वरच्या कप्प्यात माघारी जातंय. त्याचा दाब फुफ्फुसावर येतोय, म्हणून दम लागतोय."

"जोर हाय न्हवं? मग झालं."

गिऱ्हाइकं चुळबुळू लागली. म्हैसही पाय बदलू लागली. तेव्हा जावई विजयसिंह बाह्या सारून पुढं झाले. बँकेतला माणूस, जन्मात कधी धार काढलेली नाही.

"पावणं, ऱ्हाऊ द्या. म्हैस हाय ती, कॅल्क्युलेटर न्हाय."

विजयसिंह बसलेच. त्यांनी सड मुठीत धरून करकचून आवळला. दंडाच्या शिरा टरारल्या. चरवीत पडले चार थेंब. म्हशीनं शेपटीचा फटका गालावर दिला.

हंबीररावांना राहवेना, ते जावयाजवळ येऊन बसले. "अवो, जोर कुठं लावताय? दूध माघारी कासंत चाललंय. आधी वर अंगठा नि बोट घट्ट मिटा. आता सड भरलेला, वरची वाट बंद, खालचीबी बंद. मग खालची बोटं आवळा. दूध तेवढंच ऱ्हातंय, दाब वाढतोय. पुरता वाढला की खालचं तोंड उघडतंय, धार सुटती. मग हात ढिला सोडा, वरनं परत भरू द्या."

स्वप्नाली वडिलांजवळ उकिडवी बसली.

"हृदयाचं आसंच हाय, आबा. कप्पा भरतो, वरचं दार मिटतं. क्षणभर दोन्ही दारं बंद, रगात तेवढंच, दाब चढतो. मग बाहेरचं दार उघडून रगात अंगभर जातं. तुमचं वरचं दारच नीट मिटत न्हाय. ह्यांच्या हाताला जोर कमी हुता का?"

"न्हाय. बैलागत हुता."

"टक्के म्हंजे मूठ किती रिकामी झाली, एवढंच. चरवीत गेलं का कासंत, ते त्यात कळत न्हाय."

हंबीरराव चरवीतल्या चार थेंबांकडं बघत राहिले. मग उठले, म्हशीभोवती एक फेरी मारून परत येऊन बसले.

"दार शिवताना हृदय थांबवत्यात म्हणं."

"थांबवत्यात. तवर यंत्र रगात फिरवतं."

"आन् परत चालूच न्हाय झालं तर?"

"बहुतेकांचं होतंय, आबा. सगळ्यांचंच होतंय, आसं मी खोटं सांगणार न्हाय."

पुन्हा ते उठले. गळ्यातला टॉवेल काढून झटकला, परत गळ्यात टाकला. एका गिऱ्हाइकानं पेला वाजवला, त्याच्याकडं त्यांनी डोळे वटारून पाहिलं. सातला दहा कमी होते.

"कळव जा," म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, लेकीकडं न बघता ते म्हणाले. "गुरुवारी येतो म्हणून."

स्वप्नाली फोन कानाला लावून बाजूला गेली. हंबीरराव धापा टाकत जावयाशेजारी टेकले आणि त्यांच्या मुठीवर त्यांनी आपली मूठ घट्ट बसवली.

"अंगठा वर. आजून वर, पावणं. गुरुवारच्या आत शिकायचंय तुम्हास्नी."