भाचीच्या मुक्कामाचं भाडं

मित्रांनो, जुनी बॅग बोलायला लागली की ती प्रवासाच्या बढाया मारणार, असं तुम्ही गृहीत धरलं असेल. ती खोड मलाही होती. आता मोडली आहे. मी तपकिरी चामड्याची, दोन पट्ट्यांची बॅग आहे. एका पट्ट्याचं बक्कल तुटलंय आणि तिथे सुतळी बांधली आहे. जे सांगायचं आहे ते सांगताना मान खाली जावी असंच ते आहे. बॅगेला मान नसते, हे माझ्या पथ्यावरच पडलं म्हणायचं.

कैरोतल्या जुन्या वेशीजवळ एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला शिवणारा कारागीर दिवसभर चहा पीत बसायचा आणि टाक्याटाक्याला कोणाला ना कोणाला शिव्या घालायचा, पण त्याचा एकही टाका अजून उसवलेला नाही. दमयातच्या एका फर्निचरवाल्यानं मला विकत घेतलं. दमयात हे समुद्राकाठचं सुतारांचं गाव. गल्लीगल्लीत रंधा चालतो. मालक माझ्यात लाकडाचे तुकडे आणि गाद्यांच्या कापडाचे नमुने भरून गावोगाव हिंडायचा. "बॅग बघूनच गिऱ्हाईक खुर्ची घेतं," असं म्हणायचा, आणि मी फुगायचे. पुढे धंदा बसला, मालकाचे गुडघेही बसले, आणि माझी रवानगी कपाटावर झाली. माझ्यात हिवाळ्यातले मोजे कोंबले गेले. कित्येक वर्षं माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग मालकाच्या मुलीला, नेरमीनला, कैरोतल्या एका कंपनीत नोकरी लागली. फर्निचरच्या दुकानांसाठी स्वयंपाकघरांचे आराखडे संगणकावर काढून द्यायचे, असं काम. करारात लिहिलं होतं की कामाची जागा म्हणजे कर्मचाऱ्याचं राहतं घर. ऑफिसात अधूनमधून बोलावलं, तर येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च कंपनी करेल. मालकानं तो कागद दोनदा वाचायला लावला.

"म्हणजे घरी बसायचा पगार, आणि ऑफिसात जायचे वरून वेगळे पैसे? आमच्या वेळी बरोबर उलटं होतं बाई."

"बाबा, जग बदललंय."

"जग बदललं असेल, तुझी खोली नाही बदलली. आधी ती आवर. ऑफिस आहे म्हणे ते!"

खोली आवरताना नेरमीनला मी सापडले. तिनं मोजे काढले, मला तेल लावलं, आणि माझ्यात तिचा संगणक ठेवला. म्हातारपणी मी ऑफिसची बॅग झाले. दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही दोघी कैरोला जाऊ लागलो.

कैरोत मावशी असताना दमयातची पोर हॉटेलात उतरत नाही. नेरमीनच्या आईची थोरली बहीण, इन्शिराह मावशी, शुब्रा भागात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. नवरा पोस्टमन होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या पेन्शनीवर तिचं चालायचं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. दमयातकर चिकट असतात, असं सगळा इजिप्त चेष्टेनं म्हणतो. पाहुणा दारात आला की दमयातकर म्हणे विचारतो, "जेवणार, की हलक्या पोटानं झोपणार?" हा टोमणा मावशीनं नवी नवरी होऊन शुब्र्यात आल्या दिवशीच ऐकला होता, समोरच्या दारातल्या वगदीच्या आईकडून. तेव्हापासून तिनं जणू विडाच उचलला. त्या घरातून कोणी उपाशी गेलं नाही. वीजमीटर बघायला आलेला माणूससुद्धा नाही. नेरमीन आली की मावशी दमयातच्या पद्धतीचं बदक करायची, पोटात कांदा ठासून भरलेलं, आणि पहिली ताटली वगदीच्या आईला जायची. मलाही ती ओल्या फडक्यानं पुसून सोफ्यावर बसवायची. "लांबून आलीय बिचारी," म्हणायची. निघताना माझ्यात इतकं खायला भरायची की पट्टे लागत नसत. माझं बक्कल तुटलं ते त्यामुळेच.

नेरमीनचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. पाणी घ्यायला तिनं फ्रिज उघडला, तर आत तिच्यासाठी आणलेलं बदक आणि बाजूला एका वाडग्यात आमच्याकडे 'फूल' म्हणतात ती वालांची साधी उसळ, बाकी काही नाही.

"मावशी, एरवी तू काय खातेस गं?"

"मला पथ्य आहे."

"कसलं पथ्य?"

"नसत्या चौकशा न करण्याचं."

नेरमीननं एकदा उशीखाली एक नोट ठेवून पाहिली. घरी परतल्यावर ती माझ्याच कप्प्यात सापडली, सोबतीला मावशीची आणखी एक नोट घेऊन. आता या बाईला मदत करायची तरी कशी?

वाट दाखवली ती ऑफिसच्या हिशेबनिसांनी, शौकी साहेबांनी. हा दक्षिणेकडचा सरळ माणूस. त्यांनी विचारलं, "अगं, तुझं हॉटेलचं बिल कधी येत कसं नाही?"

"मी मावशीकडे राहते ना."

"मग यजमानभत्ता घे. नियमच आहे. कोणाच्या घरी राहिलात तर त्या घराला थोडे पैसे थेट फोनवरच्या खात्यात जातात. मावशीचं नाव आणि फोन नंबर तेवढा लिहून दे."

नेरमीनचा चेहरा उजळला. भाचीचे पैसे मावशी परत करेल, पण कंपनीचे कशी करेल? तिथेच उभ्या उभ्या तिनं मला गुडघ्यावर आडवं धरलं आणि माझ्या पाठीवर कागद ठेवून मावशीचं नाव लिहिलं. आपल्या पाठीवर पुण्याचं काम होतंय, असं मला वाटलं. मावशीला विचारावं, असं दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. मित्रांनो, त्या पाठ देण्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या वेळी कैरोला गेलो, तेव्हा ऑफिस आटपून आम्ही दुपारी मावशीकडे पोचलो. बदक तयार होतं. वगदीची आई आणि खालच्या मजल्यावरच्या दोघीतिघी ताटं घेऊन बसल्या होत्या. मावशीचे दोन्ही हात तुपात माखलेले, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"वगदीच्या आई, बघ गं काय आलंय."

वगदीच्या आईनं फोन लांब धरून मोठ्यांदा वाचलं, "नेरमीन यांच्या आपल्या घरातील मुक्कामाचं भाडं आपल्या खात्यात जमा झालं आहे."

वगदीच्या आईला हसू फुटलं. "अगं बाई, इन्शिराह! सख्ख्या भाचीकडून भाडं? आणि मी मेली इतकी वर्षं म्हणतेय, दमयातकर असून ही अशी कशी! बायांनो, ताटं जपून चाटा गं, बिल येईल!"

सगळ्या हसल्या. मावशीही हसली. तिनं प्रत्येकीला अजून वाढलं, नको नको म्हणताना वाढलं. पण स्वतःसाठी तिनं ताट घेतलं नाही, आणि नेरमीनला जमीन दुभंगली तर बरं असं झालं होतं.

बायका गेल्यावर मावशीनं हात धुतले, पुसले, आणि मग विचारलं, "हे तू केलंस?"

"मावशी, तुझ्यासाठीच केलं गं. तुझी ओढाताण मला बघवत नाही."

"मला विचारलंस?"

नेरमीन रिकामी ताटं गोळा करू लागली.

"तीस वर्षं मी या जिन्यातल्या लोकांची टोमणे मारणारी तोंडं भरली, नेरमीन. ती आज तू एका ओळीत रिकामी केलीस."

दुसऱ्या दिवशी मावशीनं आम्हाला दारापर्यंत पोचवलं. "सांभाळून जा," एवढंच म्हणाली. माझ्यात तिनं काही भरलं नाही. दमयातला पोचेपर्यंत तो रितेपणा मला आतून टोचत राहिला.

त्यानंतरच्या दोन खेपांना नेरमीन हॉटेलात उतरली. बिल कंपनीनं दिलं, कुरकुर न करता. तिथे मला सामान ठेवायच्या एका लोखंडी घोडीवर ठेवत. नेरमीन पलंगाच्या कडेला बसून मावशीला फोन लावायची. पलीकडून "बरी आहे मी" एवढं ऐकू यायचं आणि फोन बंद व्हायचा. मग ती न जेवताच आडवी व्हायची.

तिसऱ्या खेपेला आम्ही ऑफिसात होतो. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी दार उघडलं आणि इन्शिराह मावशी आत आली. तिच्या डोक्यावर एक पातेलं, मागे वगदीच्या आईच्या डोक्यावर दुसरं. कांद्याचा नि तुपाचा वास सगळ्या टेबलांवरून फिरला. नेरमीन अर्धवट उठली आणि तशीच खाली बसली.

"हिशेब कोण लिहितं इथे?" मावशीनं विचारलं.

शौकी साहेब उभे राहिले. "मी लिहितो. आपण कोण, बाई?"

"मी शुब्र्यातलं हॉटेल."

कोणाला काही कळेना.

"नेरमीन नावाचं एक गिऱ्हाईक माझ्याकडे उतरायचं. त्याचं भाडं तुम्ही पाठवलंत. ते परत करायला आलेय. फोनातले पैसे माघारी कसे ढकलायचे ते मला येत नाही, तेव्हा त्यांची बदकं केली. ताटं आहेत का?"

कोणीतरी हसलं, पण शौकी साहेब हसले नाहीत. त्यांनी छातीवर हात ठेवला. "चूक झाली, बाई. असा मेसेज माझ्या आईला गेला असता, तर तिनं मला गावच्या वेशीवरूनच परत धाडलं असतं."

"मग माझं नाव खोडा."

"आत्ता खोडतो."

"यजमान म्हणून नको. मावशी म्हणून लिहा."

"त्याला रकानाच नाही हो, बाई."

"रकाना नाही? कसली म्हणायची कंपनी! बरं, जेवा आधी."

सगळं ऑफिस जेवलं. वगदीची आई वाढता वाढता प्रत्येकाला सांगत होती, "माझीच जीभ चाबरी हो, मीच चेष्टा केली. असा हात साऱ्या शुब्र्यात नाही." लोक बोटं चाटत होते, मावशीला दुवा देत होते. नेरमीनच्या ताटातलं मात्र तसंच होतं. ज्या पैशानं मावशीच्या घरी महिनाभर बरं जेवण झालं असतं, तो पैसा तिच्यासमोर अनोळखी माणसांच्या पोटात चालला होता, आणि तो तिथे पोचवायला तीच कारण झाली होती. ती टेबलाखाली माझा पट्टा घट्ट पिळत होती. मी तो पिळू दिला.

सगळ्यांना वाढून, भांडी धुऊन होईपर्यंत ऑफिस सुटायची वेळ झाली, आणि रिकामी पातेली उचलून वगदीची आई पुढे गेली. मावशी निघाली तेव्हा नेरमीन मला घेऊन तिच्या मागे जिन्यापर्यंत धावली. इमारतीचा दरवान लगबगीनं माझ्याकडे हात पुढे करून आला.

"राहू दे रे," मावशी म्हणाली. "पाहुणी नाही ती. तिचं ओझं ती उचलेल."

एवढं बोलून ती मेट्रोकडे चालू लागली. मागे वळून तिनं पाहिलं नाही, पण नेरमीन मागे पडली की तिची पावलं मंदावत होती.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मावशीनं टेबलावर सकाळची वालांची उसळ ठेवली, कालची भाकरी ठेवली, एक कांदा ठेवला. ठेवताना तिचा चेहरा लाल झाला. इतक्या खेपांत मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

"आज हेच आहे," ती म्हणाली. "रोज हेच असतं."

नेरमीन हात धुऊन येऊन समोर बसली. दोघींनाही वर बघवत नव्हतं.

"मावशी, मी तुला न विचारता केलं."

"हो, केलंस."

"आता विचारते. पुढच्या वेळी येताना घरून तांदूळ आणि चीज आणीन, आणि तुझ्या ओट्याशी मीच रांधीन. चालेल?"

मावशीनं टेबलावरचा कांदा मुठीनं फोडला. "तू मीठ कमी घालतेस. आईवर गेलीस."

"म्हणजे चालेल?"

"कांदा खा," मावशी म्हणाली, आणि त्यातला आतला गोड गाभा तिच्यापुढे सरकवला.

मित्रांनो, माझ्यासारख्या बॅगा जपा, वर्षातून एकदा तेल लावा, मोजे कोंबू नका. एवढं मागायचा हक्क मला आहे. पण त्याहून मोठी विनवणी दुसरीच आहे. कोणाची गरज दिसली तर त्याच्या पाठीमागे काही लिहू नका. समोर जाऊन विचारा, आणि विचारताना तुम्हालाही थोडी लाज वाटू द्या. त्या संध्याकाळी मी बघितलं, की दोघींची लाज एका टेबलावर आली तेव्हाच त्या दोघी पोटभर जेवल्या.